छप्पर, चूल आणि नमुना आठ

'चक्रीवादळ' हा शब्द बातम्यांत आला की आपण यवतमाळचे लोक जरा निर्धास्त असतो. समुद्र इथून शेकडो मैल लांब. ते संकट कोकणाचं, ओडिशाचं, आपलं नव्हे.

पण एप्रिल-मेमधली एखादी संध्याकाळ आठवून पाहा. दिवसभर अंग भाजणारं ऊन, चारनंतर काळंभोर झालेलं आभाळ, मग धुळीचा लोट, आणि दहा-पंधरा मिनिटांत कुणाच्या घरावरचं टिन कुणाच्या तरी वावरात जाऊन पडलेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तीन ओळींची बातमी येते : 'वादळी पावसाने घरांची पडझड'. त्या तीन ओळींत घर असतं, घरमालक असतो, तलाठ्यानं केलेला पंचनामा असतो. वादळ आलं तेव्हा आत चुलीजवळ बसलेली बाई मात्र त्यात नसते.

कवयित्री बोलायला आली म्हणजे आता आईवरची कविता ऐकावी लागणार, असं समजू नका. आजचा विषय अगदी रोकडा आहे. वादळ झेलणारं खेड्यातलं घर कसं असावं, आणि ते ठरवताना घरातल्या बाईला विचारलं तर काय फरक पडतो, एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात कोकणापासून करू. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कौलं उडाली, पत्रे उडाले, विजेचे खांब पडले. दिवस करोनाचे, त्यामुळे मुंबईचे चाकरमानी मदतीला पटकन गावी पोचू शकत नव्हते. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ कोकण किनाऱ्याला घासून गेलं.

मुस्लिम मराठी साहित्य संमेलनं १९९० सालापासून भरतात. पहिलं सोलापूरला झालं. या संमेलनांच्या निमित्तानं कोकणातल्या काही लिहित्या बायकांशी माझी ओळख झाली. त्यांतल्या श्रीवर्धनकडच्या एक आपा. शोहर आखातात नोकरीला, घरात म्हातारी सासू आणि मुलं. वादळानंतर कितीतरी दिवसांनी त्यांचा फोन लागला. म्हणाल्या, "अगं, कौलांचं काय घेऊन बसलीस? पीठ भिजलं, लाकडं भिजली, न्हाणीचा आडोसा उडाला. मदतीला आलेले लोक म्हणतात, आधी ओटीवर पत्रे घालू. मी म्हणते, आधी न्हाणीला चार बाजूंनी काहीतरी लावा. घरात तीन बायका आहोत."

मदतीला आलेले ते लोक काही वाईट नव्हते. आल्या-गेल्याची ओटी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आपांच्या डोळ्यांसमोर उद्याची पहाट होती. घर एकच, पण दोघांना ते वेगवेगळ्या बाजूंनी दिसतं. बायकांचा विचार करून बांधलेलं घर म्हणजे भिंतीला गुलाबी रंग नव्हे. घर दोन्ही बाजूंनी पाहून बांधणं, एवढाच त्याचा अर्थ.

आता छप्पर उडतं कसं, ते पाहू. आपल्याला वाटतं, वारा छपराला धक्का देऊन पाडतो. खरं तर तो छप्पर वर उचलतो. घरी एक प्रयोग करून पाहा. कागदाची अरुंद पट्टी खालच्या ओठाखाली धरा आणि तिच्या वरून जोरात फुंकर मारा. लोंबणारी पट्टी वर उठते. छपरावरून वेगानं जाणारा वारा टिनाला असाच वर ओढतो. त्याच वेळी वाऱ्याच्या तोंडाचं दार किंवा खिडकी उघडी राहिली, तर आत शिरलेला वारा टिनाला खालून रेटतो. भात उकळताना झाकण उडतं ना, तसं. वरून ओढ, खालून रेटा. त्यात टिन नुसतं दगडांनी दाबलेलं असेल, तर ते जातंच, आणि दगड खाली माणसांच्या डोक्यावर येतात.

यावरचे उपाय फार महागाचे नाहीत. टिन आकड्याच्या बोल्टनं खालच्या लाकडाला किंवा लोखंडी पाइपाला जखडायचं, आणि कडांना व कोपऱ्यांना हे बोल्ट जवळजवळ घ्यायचे, कारण वारा पहिला हात कडेलाच घालतो. टिन बल्लीला बांधलं, पण बल्ली भिंतीला बांधलीच नाही, तर टिन बल्लीसकट उडतं. म्हणून छपरापासून पायापर्यंत सगळी साखळी बांधलेली हवी. पाया, दार-खिडक्यांच्या वरची पातळी आणि छपराखालची पातळी, अशा तीन ठिकाणी भिंतीभोवती सळईचे पट्टे फिरवले की भिंती एकमेकींना धरून राहतात. छप्पर अगदी सपाट नको, त्याला बऱ्यापैकी उतार हवा. दोन पाखांपेक्षा चार पाखांचं छप्पर वाऱ्याला जास्त टिकतं. आणि ओसरीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवायचं. वाऱ्यानं ओसरी नेलीच, तर तिनं घराला सोबत नेऊ नये.

कुणी म्हणेल, हे सगळं इंजिनिअरला माहीत असतं, त्यात बाईला काय विचारायचं? विचारायचं ते यासाठी, की वादळाच्या वेळी घरात कोण असतं याचा हिशेब नकाशात नसतो.

बांगलादेशाच्या किनाऱ्यावर २९ एप्रिल १९९१ च्या रात्री मोठं चक्रीवादळ आलं. सव्वा लाखावर माणसं गेली. नंतरच्या पाहणीत २० ते ४४ या वयाचे आकडे पुढे आले. दर हजारी पुरुष दगावले १५, आणि बायका ७१. तरण्याताठ्या वयात एवढा फरक का पडावा? अंगावर साडी, कडेवर मूल, पोहायला कधी शिकवलेलं नाही. शिवाय घराबाहेर पडायचं तर घरच्या पुरुषाची वाट पाहायची. आसऱ्याच्या इमारतीत परक्या पुरुषांची गर्दी, तिथे आडोसा नाही, म्हणून जायला संकोच. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात मरण पावलेल्या बायकांची संख्या पुरुषांच्या जवळपास तिप्पट होती. लाट आणि वारा बाई-पुरुष पाहत नाहीत. कुणी कुठे असायचं आणि कुणी कधी बाहेर पडायचं, हे आपण आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

आपल्याकडे ना समुद्र, ना त्सुनामी. तरी २२ जुलै २०२३ आठवा. एका रात्रीच्या पावसानं यवतमाळ शहरात पाणी शिरलं, आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर ४५ माणसं पुरात अडकली. त्यांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी सुटका करणारे येईपर्यंतचे तास कसे काढायचे, हे त्या घराच्या रचनेवर असतं. शिधा ठेवायला उंच फळी आहे का, दुसरं दार आहे का, म्हातारीला नेता येईल अशी पायरी आहे का, हे प्रश्न तिथे येतात.

बाईला विचारून घरं खरंच बांधता येतात का? याचं उत्तर महाराष्ट्रात मिळालेलं आहे. मात्र ते वादळानंतर नाही, भूकंपानंतर मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत दहा हजारांच्या घरात माणसं मेली. त्यांना मारलं ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या मणामणाच्या मातीनं. जी गावं पार उद्ध्वस्त झाली, ती नव्या जागी वसवली गेली. तिथे घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि अगदी अल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर, म्हणजे घराचं मापही पुरुषाच्या सातबाऱ्यावरून ठरलं. घरात बायका किती, पोरं किती, शेळ्या किती, हा हिशेब त्यात बसत नव्हता.

पण ज्या शेकडो गावांत घरं नुसती दुरुस्त करून मजबूत करायची होती, तिथे वेगळं घडलं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. शासन, इंजिनिअर आणि घरवाले यांच्यामधला हा दुवा. सरकारी पैसा कशासाठी आहे, हप्ता कधी मिळेल, माळवदावरची माती का कमी करायची, भिंतीत आरपार दगड का घालायचा, हे त्यांनी आधी शिकून घेतलं आणि मग दारोदार जाऊन सांगितलं. इंजिनिअर गावात एखाद्या वेळी येणार. रोज कामावर नजर ठेवणार ती घरातली बाई. सिमेंटवर पाणी मारणार तीच. पट्टा कुठून कुठे जायला हवा हे तिला माहीत असलं, तर गवंडी काम टाळू शकत नाही. पुढे २००१ च्या भूकंपानंतर याच भागातल्या बायका कच्छला गेल्या, आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. त्सुनामीनंतर ही संस्था तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही पोचली. किल्लारीतून निघालेली शिकवण अशी समुद्राकाठी गेली. ती आपल्या जिल्ह्यात यायला हरकत नसावी.

आता आपल्या घरकुलाकडे येऊ. १९८५-८६ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणनं घेतली. या योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं, आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली. मैदानी भागात केंद्र-राज्याचं मिळून अनुदान १ लाख २० हजार रुपये ठरलं, शौचालयाचे १२ हजार वेगळे. ठेकेदार लादायचा नाही, घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, असा नियम आहे. म्हणजे नकाशात फेरफार करायला वाव आहे. तो वाव आपण वापरतच नाही.

एवढ्याशा जागेत काय काय असतं पाहा. दिवाळीनंतर भाव वाढेल या आशेनं कापूस घरात येऊन बसतो. खोली छतापर्यंत भरते, लेकरांच्या अंगाला खाज सुटते, आणि त्या ढिगापासून चार हातांवर चूल पेटते. त्या चुलीला धूर जायला वाट नाही, कारण खिडकी एकच, आणि ती रस्त्याच्या बाजूला, शोभेला. न्हाणी घराला जोडून नाही, बाहेर तुराट्यांच्या ताटीची. पहिल्या वादळात ती जाते. मग घरातली बाई पहाटे चारला उठते, कुणी उठायच्या आत अंघोळ उरकायला.

माझी अम्मी कुडाच्या घरात नांदली. पऱ्हाट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लिंपा, वर कवेलू. तिनं तिच्या चुलीची जागा दोनदा बदलली होती, कारण वारा कुठून येतो हे तिला ठाऊक होतं. पावसाळ्याच्या तोंडी ती स्वतः कूड लिंपायची, आणि कुठला वासा कुजला ते बोटानं दाबून सांगायची. आज सिमेंटच्या घरात हे ज्ञान कुणी विचारत नाही. त्या ज्ञानातून निघणाऱ्या मागण्या साध्या आहेत. चुलीसमोर समोरासमोर दोन झरोके असावेत, कापसापासून चूल आडभिंतीनं वेगळी असावी. न्हाणी-संडास घराच्याच भिंतीला पक्क्या बांधकामात जोडलेले असावेत, आणि त्यांना आतून कडी असावी. शिधा आणि कागदपत्रं ठेवायला छातीएवढ्या उंचीवर पक्का माळा असावा. मागं एक दार असावं. आणि चार खोल्यांचा मोह सोडून एक तरी खोली अशी बांधावी, की जिच्यावर सिमेंटचा स्लॅब आहे, आणि वादळात सगळ्यांनी तिथे जाऊन बसावं.

छप्पर झालं, नकाशा झाला. आता कागद. मला यातच जास्त काळजी वाटते, कारण उडालेलं टिन पुन्हा घालता येतं, कागदावर नसलेलं नाव वादळानंतर घालता येत नाही.

'निसर्ग'नंतर राज्य शासनानं पूर्ण पडलेल्या घराची मदत ९५ हजार १०० रुपयांवरून दीड लाख केली. चांगला निर्णय होता. पण मदत मिळते ती नोंदीवर नाव असलेल्याला. नोंदीवर कधी आजोबा, कधी सासरे, कधी मुंबईतले चार दीर-भाऊ. घर सांभाळणारी बाई नोंदीत कुठेच नाही. आणि नुकसान 'पूर्ण' ठरलं नाही, तर मदतही आटते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० आणि कच्च्या घराला ४ हजार रुपये होते. नुसतं टिन उडालेली बाई याच रकान्यात बसते. तेही ४ हजार दुसऱ्याच्या नावावर.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न आणखी जिव्हारी लागतो. २०१८ साली महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या ५०५ बायकांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के बायकांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घराचा हक्क मिळालेल्या होत्या फक्त ३५ टक्के. कपाळाचं कुंकू गेलं, कर्ज राहिलं, आणि डोक्यावरचं छप्परही आपलं नाही. अशा घराचं टिन उडालं, तर पंचनाम्यावर सही कुणाची घेणार?

कायदा नाही असं नाही. हिंदू वारसा कायद्यानं १९५६ पासून विधवेला मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला आहे. पण याच कायद्यात एक कलम होतं, तेविसावं. पुरुष वारस वाटणी करत नाहीत तोवर राहत्या घराची वाटणी बाईला मागता येत नसे. शेत मागता येई, घर नाही! ते कलम २००५ च्या दुरुस्तीनं गेलं. आमच्याकडे विधवेला, मुलं असतील तर आठवा आणि नसतील तर चौथा हिस्सा आहे, मुलीला मुलाच्या निम्मा. तो कुराणानं सांगितलेला आहे, तरी किती घरांत दिला जातो ते आमचं आम्हाला माहीत. माहेर तुटू नये म्हणून बहिणीनं हक्क सोडायचा, यावर गावातल्या सगळ्या आळींचं एकमत असतं.

याच्या उलटही घडलेलं आहे, हेही सांगायला हवं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं, आणि पुढे 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी आपली थोडी जमीन बायकोच्या नावे केली. घराच्या बाबतीत २००३ साली राज्याच्या ग्रामविकास विभागानं आदेश काढला, की ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावावं. 'घर दोघांचं' म्हणून ही मोहीम काही भागांत चांगली चालली. घरकुलाच्या नियमांतही घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करावं, असं आहे. त्सुनामीनंतर तामिळनाडूनं नवी घरं अशीच दोघांच्या नावे दिली.

म्हणून आजच्या बोलण्याचा शेवट एका कामानं करते. काम अर्ध्या दिवसाचं आहे. ग्रामपंचायतीत जा आणि आपल्या घराचा 'नमुना नंबर आठ'चा उतारा मागा. ही घरपट्टी आकारणीची नोंदवही. तिच्यानं कायद्याची मालकी सिद्ध होत नाही, हे खरं. पण खेड्यात पंचनामा, वीजजोडणी, घरकुल, सगळीकडे पहिल्यांदा तीच पाहतात. त्यात एकट्या पुरुषाचं नाव असेल, तर दोघांच्या सहीचा साधा अर्ज ग्रामसेवकाकडे द्या. २०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अर्जाची पोच घ्या. नाव मयत सासऱ्यांचं असेल, तर वारसनोंद करून घ्या, आणि त्यात सून, मुली, विधवा भावजय कुणी सुटली नाही ना, ते पाहा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन घरांना मिळकत पत्रिका मिळतात. आपल्या गावी ती निघायची असेल, तर त्याआधी ही दुरुस्ती झालेली बरी.

आणि घरकुल मंजूर झालं असेल, तर पाया आखायच्या दिवशी गवंड्यासमोर घरातल्या बाईला उभं करा. चूल कुठे, न्हाणी कुठे, मागचं दार कुठे, ते तिला चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखू द्या. फक्की पुसून पुन्हा आखता येते. भिंत उभी राहिल्यावर मात्र कुणी ऐकत नाही.